‘आमच्याकडं हाय ते लावतोय’: लोकल चॅनेलवर तेच ते जुने चित्रपट का फिरतात?

दुपारची जेवणं उरकली की कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत लोकल चॅनेल लागलेलं असतं. वर काळ्या-पांढऱ्या वाड्यात सासू सुनेला घालून पाडून बोलत असते आणि खालच्या पट्टीत सराफाची जाहिरात, कुणाचा तरी वाढदिवस आणि उद्या कुठल्या भागात पाणी येणार नाही याची सूचना पळत असते. चित्रपट मागच्या महिन्यात लागलेलाच असतो. पुढच्या महिन्यातही तोच लागणार, याची घरात सगळ्यांना खात्री असते.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ साली प्रभात उभी राहिली आणि जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांनी कलाकारांच्या पिढ्या घडवल्या, त्या गावाच्या केबलवर ठरावीक चित्रपटांचीच पालखी का फिरत राहावी? केबलवाल्याला विचारा. तो म्हणतो, ‘आमच्याकडं हाय ते लावतोय.’ ऐकायला उडवाउडवी वाटते, पण याहून नेमकं उत्तर नाही. जुना चित्रपट टीव्हीवर लागतो की नाही, हे तो किती चांगला आहे यावर ठरत नाही. त्याचे कागद कुणाकडे आहेत आणि त्याची प्रत कुठे आहे, यावर ते ठरतं.

त्यात आता ‘१९६५ पर्यंतचे सगळे चित्रपट मोकळे झाले, कुणीही दाखवावेत’ असं बोललं जातं. तेही अर्धंच खरं आहे. एकेक गाठ सोडवत जाऊ.

## लोकल चॅनेल म्हणजे नक्की काय?

मोठी चॅनेल उपग्रहावरून येतात आणि सगळीकडे एकच कार्यक्रम दाखवतात. लोकल चॅनेल केबलवाल्याच्या स्वतःच्या कंट्रोल रूममधून निघतं आणि त्याच्याच वायरीतून आपल्या घरी पोचतं. सरकारी भाषेत याला प्लॅटफॉर्म सेवा म्हणतात. माहिती व प्रसारण मंत्रालयानं नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी नियम काढले. केबल कंपनीनं आपल्या एकूण चॅनेल-क्षमतेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त अशी चॅनेल चालवायची नाहीत, आणि हे प्लॅटफॉर्म सेवेचं चॅनेल आहे हे पडद्यावर दाखवायचं.

या चॅनेलचं पोट स्थानिक जाहिरातींवर भरतं. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल, अंबाबाईचा नवरात्रोत्सव, दसरा चौकातला सोहळा, महापालिकेची निवडणूक हे त्यांचे सुगीचे दिवस. चित्रपट उरलेल्या वेळेचा भरणा असतो. ज्यावर फारशी कमाई नाही, त्यावर खर्च तरी कोण करणार?

मोठं चॅनेल चित्रपट विकत घेतं म्हणजे तो कायमचा घेत नाही. ठरावीक वर्षं, ठरावीक वेळा दाखवायची परवानगी घेतं, आणि तीही बऱ्याचदा गठ्ठ्यानं. दोन गाजलेले हवे असतील तर सोबत आठ पडलेलेही गळ्यात येतात. केबलवर दाखवायचा हक्क उपग्रह हक्काहून वेगळा असतो आणि वेगळा विकला जातो. लोकल चॅनेलवाला एखादा गठ्ठा घेतो आणि तो पुरवून पुरवून लावतो. काहींनी तेवढंही केलं नाही. बाजारातून सीडी आणली आणि लावली, असे दिवस सगळ्यांनी पाहिलेत. सीडीच्या कव्हरवर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असं लिहिलेलं असायचं; ते वाचायला भिंग लागायचं ही गोष्ट वेगळी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग केल्यास ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळे ज्याचे कागद सरळ आहेत तेच लावायचं, हा शहाणपणा हळूहळू आला.

## कागद सरळ नसतात, म्हणजे काय होतं?

चित्रपटाचे हक्क शेतजमिनीच्या सातबाऱ्यासारखे असतात. सुरुवातीला एकच नाव असतं, निर्मात्याचं. चित्रपट पुरा करायला त्यानं निगेटिव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म, गहाण ठेवून पैसे उचललेले असतात, म्हणजे बोजा चढला. पुढे वितरकाला ‘पश्चिम महाराष्ट्र, दहा वर्षं’ अशी पट्टी खंडानं दिली. गाणी ग्रामोफोन कंपनीकडे गेली. निर्माता वारला, मुलांत वाटण्या झाल्या. थोरला कोल्हापुरात, धाकटा मुंबईत, बहिणीनं हक्कसोड दिलं की नाही कुणालाच आठवत नाही. नव्वदच्या दशकात एका व्हिडिओ कंपनीचा माणूस आला, थोरल्याच्या हातावर पैसे ठेवून ‘सर्व हक्क’ लिहून घेऊन गेला. धाकट्याला ते दहा वर्षांनी कळलं.

जमिनीला निदान तलाठी तरी असतो. चित्रपटाला तोही नाही. आपल्याकडे कॉपीराइटची नोंदणी करता येते, पण ती सक्तीची नाही. त्यामुळे फेरफाराचं दप्तर असं कुठे नसतंच. घेणारा विचारतो, निर्मात्यापासून तुमच्यापर्यंतचे सगळे करार दाखवा. या कागदांच्या माळेला हक्कांची साखळी म्हणतात. एक कडी तुटली की मोठ्या चॅनेलचा वकील फाइल मिटतो.

त्यात एक मूळचीच अडचण आहे. देशात टीव्ही प्रयोग म्हणून दिल्लीत सुरू झाला तो १९५९ साली, आणि मुंबई दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९५५ सालच्या करारात टीव्हीचा उल्लेख येणार कुठून? ‘प्रदर्शनाचे सर्व हक्क’ या तीन शब्दांत घरातला टीव्ही येतो का, केबल येते का, मोबाइल येतो का, यावर वारस आणि कंपन्या भांडत बसतात. तोवर चित्रपट कपाटात.

म्हणून आपल्यासमोर जे फिरत राहतात ते त्या काळातले सर्वोत्तम चित्रपट असतातच असं नाही. ज्यांच्या घरात कुणीतरी कागद जपून ठेवणारा निघाला, किंवा ज्यांनी सगळंच एकदम विकून टाकलं, असे ते चित्रपट. माझं तर मत आहे की मराठी सिनेमाचा सुवर्णकाळ म्हणून आपल्या डोक्यात जी यादी आहे, त्यातली बरीचशी नावं अशा फायलींनीच ठरवून दिली आहेत.

## पण साठ वर्षांनी चित्रपट मोकळा होतो ना?

होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपट प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. आधी ही मुदत ५० होती. रवींद्रनाथांच्या लेखनाचा हक्क १९९१ अखेर संपत होता, त्या निमित्तानं १९९२ साली ती दहा वर्षांनी वाढवली गेली. त्याचा फायदा पार लावणीपटांपर्यंत पोचला.

‘साधी माणसं’ घ्या. भालजींचा चित्रपट, साल १९६५. हिशेब लावला तर ३१ डिसेंबर २०२५ ला चित्रपटाचा कॉपीराइट संपतो. इथपर्यंत चर्चा खरी आहे.

आता त्यातलंच ‘ऐरणीच्या देवा’ हे गाणं घ्या. चित्रपट हा एक हक्क आणि त्यातली कथा, गीत, संगीत हे प्रत्येकी वेगळे हक्क, असं कायदा मानतो. गीत आणि संगीताची मुदत प्रदर्शनावर चालत नाही, ती रचणाऱ्याच्या मृत्यूपासून मोजतात. मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षं. ‘साधी माणसं’चं संगीत आनंदघन यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. त्या फेब्रुवारी २०२२ मध्ये गेल्या. म्हणजे या चालींचा हक्क, तो आज कुणाच्याही नावावर असो, २०८२ अखेरपर्यंत जिवंत आहे.

राजा परांजपेंच्या ‘जगाच्या पाठीवर’चंही तेच. चित्रपट १९६० चा, त्यामुळे २०२० अखेर मोकळा. पण गीतकार गदिमा १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ पर्यंत. सुधीर फडके, जन्मानं आपल्या कोल्हापूरचेच, २००२ साली गेले. त्यांचं संगीत २०६२ पर्यंत. गाण्यांशिवाय तो चित्रपट दाखवायचा म्हटला तर उरेल काय?

तेव्हा ‘मोकळा झाला’ याचा अर्थ एवढाच, की सातबाऱ्यावरचं एक नाव कमी झालं. चित्रपट दाखवायला कुणी हरकत घेण्याची शक्यता घटते, पण संगीत कंपनीचा दरवाजा वाजवणं सुटत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट लोक विसरतात. हक्क संपला म्हणून ज्याच्या कपाटात निगेटिव्ह आहे त्यानं ती तुम्हाला काढून दिलीच पाहिजे, असं कुठलाही कायदा सांगत नाही.

## आणि ती निगेटिव्ह तरी आहे कुठे?

१९५० च्या आसपासपर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर निघायचे. ही फिल्म दिसायला देखणी, पण भयंकर ज्वालाग्राही. एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. कोडॅकनं तिचं उत्पादन १९५१ साली थांबवलं. कोल्हापुरातून निघून १९३३ ला पुण्याला गेलेल्या प्रभातचा स्टुडिओ म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट. तिथल्याच आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला ८ जानेवारी २००३ ला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह फार मोठा साठा जळाला. गांधीहत्येनंतर १९४८ साली आपल्याकडे जयप्रभा जाळला गेला होता, ती आग माणसांनी लावलेली.

पुढची ॲसिटेटची फिल्म सहजासहजी पेट घेत नाही, पण दमट हवेत कुजते. कुजताना आंबट वास येतो, पट्टी आकसते, वाकडी होते. कोल्हापूरचा पावसाळा तिला काय करत असेल ते सांगायला नको. आणि आगीतून, दमटपणातून वाचलेल्या कित्येक प्रिंट, म्हणजे थिएटरात चालवायच्या प्रती, चांदीसाठी गेल्या. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. चित्रपट चालेनासा झाला की रिळं धुऊन ती चांदी काढून घेत. आज वाईट वाटतं, पण गोदामाचं भाडं थकलेल्या वितरकाला तेव्हा तोच शहाणपणा वाटला असणार.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, म्हणून निदान काही उरलं. तिथून नीट दुरुस्त केलेल्या प्रती महोत्सवांत दिसतात. केबलवर दिसते ती बहुधा त्यातली नसते. ऐंशी-नव्वदच्या दशकात चित्रपट व्हिडिओ टेपवर उतरवून घेतले गेले, त्या टेपची सीडी झाली, सीडीची फाइल झाली आणि ती आज कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर आहे.

टेप कशावरून काढली हे तुम्हाला घरबसल्या ओळखता येतं. दर दहा-वीस मिनिटांनी, प्रसंग बदलण्याच्या जरा आधी, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बघा. क्षणभर एक गोल ठिपका येतो, काही सेकंदांनी पुन्हा येतो. कधी ठिपक्याऐवजी ऑपरेटरनं टोकदार वस्तूनं ओरबाडलेली फुली असते. रीळ संपत आलं, दुसरं मशीन सुरू कर, अशी ती खूण. ती दिसली की समजायचं, ही टेप बहुतेक थिएटरात आणि जत्रेच्या तंबूत घासून निघालेल्या प्रिंटवरून काढली आहे. रीळ बदलताना वाक्य मधेच तुटतं तेही त्यामुळेच. तुटलेले तुकडे कापून जोडताना दोन-चार शब्द गेलेले असतात.

## चेहरे रुंद आणि पाय गायब का?

यात प्रिंटचा दोष नाही. जुन्या चित्रपटाची चौकट जवळपास चौकोनी, उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंद. जुना डब्बा टीव्ही तसाच होता, त्यामुळे चित्र बरोबर बसायचं. आताचा टीव्ही १६:९, म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंद. मग तीन वाटा उरतात: दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडायचे, चित्र आडवं ताणायचं, किंवा ते मोठं करून वरचं-खालचं छाटायचं.

काळे पट्टे दिसले की लोक ‘स्क्रीन पूर्ण येईना’ म्हणून केबलवाल्याला फोन करतात. म्हणून तो बापडा ताणतो, नाहीतर छाटतो. ताणलं की सडपातळ नायिका एकदम भरल्या अंगाची दिसते. छाटलं की उंचीतला जवळजवळ पाव भाग जातो. कौटुंबिक चित्रपटात ते कसंबसं खपतं. लावणीत मात्र नेमके चाळ बांधलेले पाय कापले जातात, वर ढोलकीवाल्याचं डोकं अर्धं. ज्या गाण्याचा जीव पायात आहे ते गाणं कंबरेपासून वर बघायचं, याला काय म्हणावं!

ताणलेलं चित्र घरीच सरळ करता येतं. रिमोटवर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडा. छाटलेला भाग मात्र परत येत नाही.

## गाणं रेडिओपेक्षा चढ्या पट्टीत का वाटतं?

कान चांगला असेल तर हे जाणवलं असेल. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या वेगानं घेतलेला असतो आणि आपला टीव्ही सेकंदाला २५ च्या हिशेबानं चालतो. चित्रपट टेपवर उतरवताना सोपा मार्ग म्हणून तो थोडा जलद चालवतात. वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो आणि आवाजही चढतो. पेटीवरच्या काळी दोनमधलं गाणं पांढरी तीनच्या जवळ जाऊन बसतं, पण पुरतं पोचत नाही. त्यामुळे पेटी घेऊन सोबत वाजवायला बसलात तर कुठेच जुळत नाही.

## किती कापलाय हे कळतं का?

कळतं. आधी जे सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, त्यावर चित्रपटाची लांबी मीटरमध्ये किंवा फुटांत लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. लांबी १२,९६० फूट असेल तर भागिले ९०, चित्रपट १४४ मिनिटांचा. मघाच्या ४ टक्के वेगामुळे टीव्हीवर तो काही न कापताही १३८ मिनिटांत संपेल.

आता घड्याळ. एक वाजता सुरू झाला, साडेतीनला संपला: १५० मिनिटं. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत. पुरेपूर दाखवल्या तर अडीच तासांत झाल्या ३०. म्हणजे चित्रपट दिसला १२० मिनिटं आणि १८ मिनिटं कुठेतरी गेली. बहुधा एखादं गाणं, नायकाच्या मित्राचा विनोदी उपकथानकाचा तुकडा आणि शेवटचं कोर्ट.

## मग यूट्यूबवर सगळं कसं असतं?

सगळं नसतं, नसलेलं आपण शोधत नाही, एवढंच. जे असतं त्यातलं काही हक्कदार कंपन्यांनी टाकलेलं, काही कुणीही टाकलेलं आणि तक्रार येईपर्यंत टिकलेलं. चित्र नीट बघा, कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनेलचा पुसट लोगो दिसेल. आपल्या केबलवर लागते ती आणि ही, मूळ टेप एकच.

## ‘लोकांना तेच आवडतं हो’

हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण तो बराचसा खरा आहे. प्रेमाचे आणि घरगुती नाट्याचे चित्रपट दुपारला सोयीचे पडतात. भांडी घासून मधूनच येऊन बसलं तरी कथा कळते, कारण प्रत्येक पात्र घडलेलं सगळं दर दहा मिनिटांनी दुसऱ्या पात्राला सांगत असतं. गाणं लागलं की माणूस स्वयंपाकघरातून आपोआप बाहेर येतो. बहुतेकांना सर्वांसाठीचं ‘यू’ प्रमाणपत्र असतं, त्यामुळे टीव्हीसाठी पुन्हा कात्री लावायची कटकट नाही. राजारामपुरीतल्या आजींना संवाद पाठ असतात आणि पुढचं वाक्य नायिकेच्या आधी म्हणण्यातच त्यांची निम्मी मजा असते. पण ज्याचे कागद सुटले नाहीत तो चित्रपट त्यांना आवडतो की नाही, हे त्यांना कधी विचारलंच गेलेलं नाही.

‘मग रंगीत करून दाखवा’ असंही कुणी म्हणतं. ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली आणि ‘नया दौर’ २००७ साली रंगवून थिएटरात आले होते. ते जमलं, कारण मागे पैसा होता, हक्क स्पष्ट होते आणि काम करण्याजोगी मूळ प्रत होती. घासलेल्या टेपला रंग देऊन फक्त रंगीत ओरखडे मिळतील.

करण्यासारखं एक काम मात्र खास कोल्हापूरकरांच्या हातात आहे. ज्या घरात कुणी वितरक, ऑपरेटर किंवा टूरिंग टॉकीजवाला होऊन गेला, तिथं माळ्यावर अजूनही पत्र्याचे गोल डबे सापडतात. आंबट वास येत असेल तर ते मोकळ्या, गार, कोरड्या जागी आणा. १९५० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे वाटत असतील तर उघडूच नका आणि त्यांच्या जवळपास काडी ओढू नका. डब्यावरचं नाव आणि रिळाचा नंबर यांचा फोटो काढून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. सगळी रिळं असायलाच हवीत असं नाही. एखाद्या चित्रपटाची दुरुस्ती करताना निगेटिव्हमधला खराब झालेला भाग वेगवेगळ्या प्रिंटमधून शोधून भरावा लागतो, आणि त्यासाठी एकटं सातवं रीळही कामाला येतं.